ओहोळकाकांचा राग

ओहोळकाका गेल्याचं कळलं तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी त्यांचा जुना फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'शांत आणि मृदू स्वभावाचे ओहोळकाका आपल्यात राहिले नाहीत.' त्याखाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. त्यातल्या निम्म्या लोकांनी दीड वर्षापूर्वी, ह्या माणसाला बिल्डिंगमधून हलवा, अशा अर्जावर सह्या केल्या होत्या. मी काहीच लिहिलं नाही. लिहिलं असतं तर एवढंच, की हा माणूस शांत स्वभावाचा मुळीच नव्हता. शांत स्वभावाचा माणूस मी पाहिलेला आहे. माझे वडील तसे होते. त्यांना शांत राहण्यासाठी काही करावं लागत नसे. ओहोळकाकांना करावं लागायचं, आणि ते काय करायचे ते मी समोरच्या दारातून वीसेक वर्षं बघितलं.

वर्तकनगरच्या त्या बिल्डिंगमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा माझी मुलगी सई दोन वर्षांची होती. समोरच्या दारावर 'शमुवेल ओहोळ' अशी पाटी होती आणि पाटीच्या वर लाकडाचा लहानसा क्रूस. सामान चढवणाऱ्या माणसांनी आमचं कपाट जिन्यात अडकवून ठेवलं होतं आणि ते एकमेकांवर ओरडत होते. आवाज ऐकून समोरचं दार उघडलं आणि उंच, रुंद खांद्यांचा एक माणूस बाहेर आला. पंजा एवढा मोठा की दाराची कडी त्यात दिसेनाशी झाली होती. तो कपाटाकडे आणि त्या माणसांकडे बघत राहिला, मानेपासून वर लाल होत गेला आणि मग "आलोच" म्हणून आत निघून गेला. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. परत आला तेव्हा चेहरा ओला होता. मला म्हणाला, "सलाम. मी ओहोळ." आणि कपाटाची एक बाजू धरून त्या माणसांना म्हणाला, "चला, तिरकं घेऊ."

हे 'आलोच' पुढे मला चांगलं ओळखीचं झालं. दूधवाल्याशी बोलताना, फोनवर, केबलवाल्याशी, कधी रस्त्यात रिक्षावाल्याशी सुद्धा, वाक्य अर्धं सोडून काका 'आलोच' म्हणायचे आणि तिथून बाजूला व्हायचे. घरी असले तर नळावर, बाहेर असले तर चार दुकानं पुढे जाऊन. परत यायचे ते दुसराच विषय घेऊन. नव्या माणसाला वाटायचं, म्हाताऱ्याचं पोट बिघडलंय.

ते कोलशेतच्या एका कारखान्यात फोरमन होते, निवृत्तीला आलेले. मूळचे नगर जिल्ह्यातले, आजोबांच्या काळापासून ख्रिस्ती. बायको सुमतीकाकू, एका बालवाडीत शिकवायच्या. काकू बारीक, अबोल. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नसे, त्यामुळे कुणी बोलायला लागलं की मान वळवून उजवी बाजू पुढे करायच्या. दर रविवारी सकाळी दोघं कडक इस्त्रीचे कपडे घालून कल्याणला त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जायचे.

आमच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडायच्या. मी सईचा डबा करत असताना काकांची प्रार्थना चालू असायची. प्रार्थना म्हटल्यावर मला जे मोठे शब्द अपेक्षित होते त्यातलं तिथे काही नव्हतं. ते कामाला जाण्याआधी वरिष्ठांकडे हजेरी द्यावी तसं बोलायचे. "आज नवा मॅनेजर येणार आहे. तो मला पोरांसमोर बोलणार. मला उत्तर सुचू देऊ नकोस." "गॅसवाला चार दिवस फसवतोय. तो आला तर दार सुमतीला उघडू दे." "कालच्यासारखं आज नको." हे शेवटचं वाक्य जवळजवळ रोज असायचं. मी आणि माझा नवरा सुरुवातीला हसायचो. मग मी हसायची थांबले, कारण एका सकाळी त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला खिडकी लावून घ्यावीशी वाटली.

एका वर्षी नाताळच्या आधी त्यांच्या मंडळीतली गाणाऱ्यांची टोळी आमच्या कंपाउंडमध्ये येऊन गाणार होती. काकांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये रीतसर परवानगी मागितली. आमचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे. गणपतीत त्यांच्याच दारासमोर स्पीकर लागायचा. ते म्हणाले, आवाजाचा त्रास होतो, नियमात बसत नाही. मग थोडं थांबून, सगळ्यांकडे बघून हसत म्हणाले, "तुमच्या लोकांचं बरं असतं, तांदळाची गोणी मिळाली की देव बदलता येतो. आम्हाला साधा नियम बदलता येत नाही." दोघं-तिघं हसले. बाकीचे खुर्च्यांकडे बघत बसले. काका लाल झाले, 'आलोच' म्हणाले आणि बाहेर गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, ठीक आहे, आम्ही घरातच गाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सेक्रेटरींना सलाम केला. सेक्रेटरींनी मान फिरवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा केला. हे वर्षानुवर्षं चाललं. सलाम रोज, उत्तर एकदाही नाही. एकदा न राहवून मी म्हटलं, काका, कशाला एवढा चांगुलपणा दाखवता त्या माणसाला?

"चांगुलपणा कुठला?" ते म्हणाले. "मला रोज त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटतं. रोज वाटतं म्हणून रोज सलाम करतो. सलाम चुकला की काय होईल ते मला माहीत आहे."

तेव्हा ते मला बोलण्यापुरतं वाटलं होतं.

मी शाळेत शिकवते. सई माझ्या आधी घरी यायची, त्यामुळे ती दुपारी ओहोळांकडे असायची. काकांनी तिला कंपाउंडमध्ये सायकल शिकवली, पाढे शिकवले, कॅरम शिकवला. माझ्याकडे एका गणितासाठी दोनदा समजावण्याइतका धीर नव्हता. ते सात वेळा समजवायचे. सईच्या मते जगात दोन प्रकारची मोठी माणसं होती, ओरडणारी आणि ओहोळआजोबा.

एका दुपारी मी शाळेतून लवकर आले आणि तिला न्यायला त्यांच्याकडे गेले. काकांनी वडिलांचं जुनं मनगटी घड्याळ साफ करायला टेबलावर उघडून ठेवलं होतं. सई धावत आली आणि टेबलाला धडकली. घड्याळ खाली पडलं आणि सईच्याच पायाखाली आलं. काका उभे राहिले. 'आलोच' सुद्धा म्हणाले नाहीत, तसेच आत गेले. नळाचा आवाज आला, बंद झाला, पुन्हा आला. बाहेर आले तेव्हा शर्ट छातीपर्यंत भिजला होता. सईला म्हणाले, "वेळ कळायला भिंतीवर घड्याळ आहे की."

मला त्या क्षणी काका फार मोठे वाटले. मग माझं लक्ष काकूंकडे गेलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात हातात डाव घेऊन उभ्या होत्या. त्या ना घड्याळाकडे बघत होत्या, ना सईकडे. त्यांची नजर काकांच्या हातांवर होती.

काही दिवसांनी आम्ही दोघी गच्चीवर कुरडया वाळत घालत होतो. मी सहज विचारलं, तुमच्या कानाला काय झालं होतं? जन्मापासून आहे का?

"नाही गं. ह्यांनी मारलेलं," काकू म्हणाल्या आणि पुढची कुरडई ठेवली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. आवाज न चढवता, एखाद्या जुन्या घराबद्दल सांगावं तसं. लग्नानंतरची तेरा-चौदा वर्षं. आधी भांडी फेकणं, मग हात, मग कारखान्यातून आणलेली पट्टी. दारू नाही, संशय नाही, काही नाही. फक्त राग. भाजीत मीठ कमी पडलं तरी पुरायचं. मुलगा अविनाश बारा वर्षांचा असताना त्याचा हात मोडला आणि काकूंनी डॉक्टरांना सांगितलं की पोरगा जिन्यावरून पडला. त्यानंतरच्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन होतं. द्राक्षरसाचा प्याला काकांपर्यंत आला आणि त्यांना तो घेता येईना. म्हातारे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, थांबून राहिले, रांग थांबली. काका तसेच उठून बाहेर गेले. संध्याकाळी पाळकांकडे जाऊन म्हणाले, मी एक दिवस ह्या पोराला मारून टाकीन. पाळकांनी त्यांना दिलासा वगैरे काही दिला नाही. म्हणाले, हात देवाला द्यायचा म्हणजे उचलण्याच्या आधी द्यायचा. उचलल्यावर देऊन उपयोग नाही. आणि एकदा देऊन भागणार नाही, रोज द्यावा लागेल.

त्या दिवसापासून काकांनी घरात कुणावर हात उगारला नाही, काकू म्हणाल्या.

"मग आता बरं आहे," मी म्हटलं.

"हे बदलले. खोटं कशाला सांगू, खरंच बदलले. पण भांडं पडलं की मी अजून दचकते. आणि मी दचकले की ह्यांना दिसतं. एवढी वर्षं झाली, माझं दचकणं काही जात नाही."

मी फसवली गेल्यासारखी घरी आले. ज्या धीराने माझ्या मुलीला पाढे शिकवले जात होते तो कुणाच्या अंगावर शिकलेला होता, हे आता मला माहीत झालं होतं. मी सईला पाळणाघरात घातलं. कारण सांगितलं नाही. चारेक दिवसांनी काका माझ्या दारात आले, आत मात्र आले नाहीत.

"सुमतीने सांगितलं ते खरं आहे," ते म्हणाले. "तिने कमीच सांगितलं असेल. तू केलंस ते बरोबर केलंस." आणि परत गेले.

सई महिनाभर रडून पुन्हा त्यांच्याकडे जायला लागली. मी अडवलं नाही. पण त्यानंतर मी त्यांच्याकडे कधी पूर्वीसारखं बघू शकले नाही, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरच मी त्यांना नीट बघायला लागले.

अविनाशला मी बरीच वर्षं फक्त जिन्यावर पाहिलं. तो डोंबिवलीला राहायचा, एका खासगी कंपनीत नोकरीला होता. दर रविवारी दुपारी आईला भेटायला यायचा. त्याच्या येण्याच्या बेताला काका घरातून बाहेर पडायचे. कुणी सांगितलं नव्हतं, भांडण नव्हतं. पायात चपला घालायचे आणि जायचे. नाक्यावरच्या बसस्टॉपच्या बाकावर बसून राहायचे. उन्हात, पावसात, तापात सुद्धा. अविनाश बसस्टॉपवरूनच जायचा. तो गेलेला दिसला की मग काका घरी यायचे. त्यांच्यासाठी झाकून ठेवलेलं ताट असायचं.

एका रविवारी मी त्याच बसस्टॉपवर होते. बस येत नव्हती. मी विचारलं, तुम्ही एकदा त्याची माफी का मागत नाही?

मागितली होती, काका म्हणाले. अविनाशचं लग्न ठरलं तेव्हा डोंबिवलीला त्याच्या घरी जाऊन. अविनाशने दारातच ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्हाला तुमच्या देवाकडून माफी मिळाली ना? मग माझ्याकडे काय शिल्लक आहे?"

"तो बरोबर बोलला," काका म्हणाले. "मी देवाकडून आधी घेतली. गुडघे टेकले, रडलो, हलका झालो. पोरगा त्याच घरात होता, पलीकडच्या खोलीत. त्याच्याकडे जायचं मला दहा-बारा वर्षं सुचलं नाही. देवाशी मिटलं म्हणजे मिटलं, असं वाटलं."

मी म्हटलं, मग आता पुन्हा जा. ते म्हणाले, नाही. त्याने द्यावी म्हणून पुन्हा पुन्हा जायचं, हीसुद्धा जबरदस्तीच झाली. त्याला आईकडे यायला घर मोकळं मिळावं, एवढं मी करू शकतो. बस आली. मी खिडकीतून बघितलं तर ते हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत बसले होते.

काकू झोपेतच गेल्या. कल्याणच्या दफनभूमीत अविनाश खड्ड्याच्या एका बाजूला उभा राहिला आणि काका दुसऱ्या. माती टाकायची वेळ आली तेव्हा काकांनी त्याला हाताने 'आधी तू' अशी खूण केली. त्याने माती टाकली आणि कुणाशी न बोलता निघून गेला. रविवारी यायला आता त्याला कारण राहिलं नव्हतं. काका मात्र सवयीने रविवारी दुपारी बसस्टॉपवर जाऊन बसायचे.

पुढच्या वर्षभरात ते विसरायला लागले. आधी चाव्या, मग नावं, मग वार. एका सकाळी डक्टमधून त्यांची प्रार्थना ऐकू आली आणि मधेच थांबली. "आज..." म्हणाले, पुन्हा "आज..." म्हणाले आणि मग शांतता. मी त्यांना ठाण्यातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विस्मरणाच्या आजाराचं नाव सांगितलं आणि तो वाढत जाणार हेही सांगितलं. काकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, माणूस ह्यात हिंसक होतो का? डॉक्टर म्हणाले, काही जण होतात.

परत आल्यावर ते माझ्या स्वयंपाकघरात बसले. सई तेव्हा कॉलेजात होती आणि अधूनमधून त्यांना जेवण नेऊन द्यायची.

"सईला एकटीला माझ्याकडे पाठवत जाऊ नकोस," ते म्हणाले. "नावं विसरलो तर विसरलो. 'आलोच' म्हणायला विसरलो तर?"

मी म्हटलं, तुम्ही एवढी वर्षं देवावर सोपवत आलात, आताही सोपवा. मला वाटलं, त्यांना हे ऐकून बरं वाटेल.

"सोपवलं कुठे?" ते म्हणाले. "सकाळी द्यायचो आणि दुपारपर्यंत परत घ्यायचो. मग पुन्हा द्यायचो. असंच चाललं. आता परत घ्यायला मीच राहणार नाही. हे खरं सोपवणं असेल. पण मला भीती वाटते."

त्यांनी सोपवलेलं त्यांच्या देवाने घेतलं की नाही, मला माहीत नाही. मी जे पाहिलं ते सांगते. काही महिन्यांतच त्यांनी दिवसा सोबतीला ठेवलेल्या माणसाच्या कपाळावर स्टीलचा तांब्या मारला. वीस वर्षांत त्यांच्या तोंडून न ऐकलेल्या शिव्या जिनाभर घुमायला लागल्या. ताटं भिंतीवर फुटायला लागली. दुसरा माणूस ठेवला, तो आठवड्यात पळाला. आणि एका सकाळी जिन्यावर त्यांनी सेक्रेटरींची कॉलर धरून त्यांना भिंतीला दाबलं. आम्ही चौघांनी मिळून त्यांना सोडवलं.

सेक्रेटरी शर्ट नीट करत म्हणाले, "बघितलंत? खरा रंग बाहेर आला शेवटी."

आणि लोकांना ते पटलं. इतकी वर्षं नाटक होतं म्हणे. म्हातारा आतून असाच होता म्हणे. ज्या बायका आपली मुलं त्यांच्याकडे गणिताला पाठवायच्या, त्या हे म्हणत होत्या. मंडळीतून एक तरुण पाळक आले. हा सैतानाचा हल्ला आहे असं म्हणाले, लांबूनच हात करून प्रार्थना केली आणि पुन्हा आले नाहीत. अर्ज तयार झाला. तो माझ्या दारातही आला. मी म्हटलं, जे आपोआप बाहेर पडतं ते खरं आणि जे माणसाने रोज उठून, स्वतःच्या नरड्यावर पाय ठेवून केलं ते खोटं, असं कुठे लिहिलंय ते मला दाखवा, मग सही करते. त्यांना ते कळलं नाही. माझ्या सहीवाचून त्यांचं काही अडलंही नाही.

मी अविनाशला फोन केला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं, पण दुपारपर्यंत तो आला. उंची तीच, खांदे तेच, पंजे तेच. मी दार उघडलं. काका हॉलमध्ये उभे होते. त्यांनी कोण आलंय ते ओळखलं नाही. घरात कुणीतरी शिरलंय एवढंच त्यांना दिसलं. ते ओरडले आणि हात उगारून पुढे आले.

पंचेचाळिशीच्या त्या माणसाने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि तो गुडघ्यात वाकला. शाळेतली मुलं वाकतात तसा.

मार बसला नाही. काका मधेच थांबले, कशासाठी आलो ते विसरले आणि खिडकीकडे वळले. अविनाश सरळ झाला. बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसला. मी पाणी आणलं. त्याने ते घेतलं नाही.

"ह्याच आवाजात," तो म्हणाला. "अगदी ह्याच."

मग तो बोलायला लागला. तो चौदा वर्षांचा असताना बाबा मंडळीत साक्ष द्यायला उभे राहिले होते, देवाने आपल्याला कसं बदललं त्याची. कशाने मारायचे, कुठे मारायचे, आईचा कान, ह्याचा हात, सगळं सांगितलं. रडले. मंडळी रडली. उपासना सुटल्यावर लोक एकेक करून पुढे येत होते आणि त्यांचा हात हातात घेत होते.

"त्यांचा हात," अविनाश म्हणाला. "मी बाकावर बसलेलो. माझा कुणी विचारला नाही."

तो त्यानंतर मंडळीत कधी गेला नाही. आतून काकांच्या शिव्या चालू झाल्या होत्या. तो ऐकत होता. मग त्याने मला विचारलं, मधल्या एवढ्या वर्षांत आईवर एकदाही नाही? मी म्हटलं, काकू तसंच सांगायच्या, आणि वीस वर्षं तर मीही समोर होते. एकदाही नाही.

"मला वाटायचं, वय झालं म्हणून निवले असतील," तो म्हणाला. "म्हणजे गेलं असेल ते. हे तर इथेच होतं. सगळंच्या सगळं."

तो उठला, पॅन्ट झटकली आणि म्हणाला, "मी माफ केलेलं नाही. तुम्हाला तसं वाटू नये म्हणून सांगतो."

कल्याणच्या पुढे, टिटवाळ्याच्या बाजूला, अशा रुग्णांना ठेवतात ती एक जागा त्याने शोधली आणि काकांना तिथे नेलं. अर्ज करणाऱ्यांचं काम झालं. काकांना गाडीत बसवायला दोन माणसं लागली. गॅलऱ्यांतून बरेच जण बघत होते. कुणी खाली आलं नाही.

मी त्यांना तिथे एकदाच भेटायला गेले. मे महिना होता. लांबट खोली, ओळीने खाटा, फिनेलचा वास. काका खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. निम्मे राहिले होते. मला आश्चर्य वाटलं ते शेजारी स्टुलावर बसलेल्या अविनाशचं. त्याच्या मांडीवर ताटली होती आणि तो केळ्याचे काप करत होता. मला बघून त्याने फक्त मान हलवली. तो किती वेळा येतो, का येतो, मी विचारलं नाही. त्याच्या शर्टावर वरणाचा डाग होता, ताजा.

काका त्या दिवशी शांत होते. औषधामुळे असतील. मला ते ओळखत नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी अविनाशकडे वळून, अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीने विचारलं, तुम्ही कुठले? अविनाश म्हणाला, डोंबिवलीचा.

"माझा मुलगा आहे," काका म्हणाले. "तुमच्यापेक्षा पुष्कळ लहान. त्याचा हात प्लास्टरमध्ये आहे."

अविनाशची सुरी थांबली.

"तुम्हाला भेटला तर त्याला सांगा," काका म्हणाले, "इतक्यात घरी येऊ नको म्हणावं. मी अजून नीट झालेलो नाही."

अविनाशने उरलेले काप केले. ताटली काकांच्या मांडीवर ठेवली. "सांगतो," म्हणाला आणि हात धुवायला बाहेर गेला. व्हरांड्यातला नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ तसाच येत राहिला. मी निघाले. दारातून मागे बघितलं तेव्हा काका ताठ बसून एकेक काप काळजीपूर्वक उचलून खात होते, आणि प्रत्येक कापानंतर दाराकडे बघत होते, कुणी येत तर नाही ना म्हणून.